आपणच आपले मध्यस्थ

विषयाचे नाव ऐकून काही मंडळींना वाटेल, की मोबाईलवर जोडीदार शोधणे हा तरुणांचा उद्योग; व्याख्यानमालेत त्याची चर्चा कशाला? पण आमच्यापुढे हा प्रश्न आला तो घरातच. आमची एक भाची छत्तीस वर्षांची. पहिला विवाह मोडून चार वर्षे झाली. एका संध्याकाळी मोबाईल पुढे करून ती म्हणाली, "मामा, हे वाचा. घटस्फोटाचे यात लिहू, की भेटल्यावर सांगू?"

मजकूर असा होता : 'हसतमुख, मनमिळाऊ, प्रामाणिक. प्रवासाची व संगीताची आवड.' आम्ही वाचले आणि गप्प बसलो. त्यात खोटे एकही अक्षर नव्हते. पण आमची भाचीही कुठे नव्हती.

असे का होते? पूर्वी स्थळ सुचवायला मध्यस्थ असे. चांगला मध्यस्थ विशेषणांच्या भानगडीत पडत नसे. 'मुलगा थोडा तापट आहे हो, पण भावाच्या आजारपणात महिनाभर दवाखान्यात झोपला', एवढे तो सांगे. एका वाक्यात दोष आला, गुण आला आणि गुणाला पुरावाही आला. पुढे वर्तमानपत्रांत 'वधू पाहिजे', 'वर पाहिजे' अशा जाहिराती आल्या. तिथे शब्दाशब्दाला पैसे. म्हणून माणूस आकसून 'गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष' एवढाच उरला. ही विशेषणे संगणकाच्या पडद्यावरही आली. शादी डॉट कॉम या संकेतस्थळावर त्वचेच्या रंगानुसार निवड करण्याची सोय होती. लोकांनी हरकत घेतल्यावर 2020 साली ती काढावी लागली.

संगणकाने जोड्या लावण्याची कल्पना तशी जुनी. 1965 मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी 'ऑपरेशन मॅच' नावाचा उपक्रम काढला. तीन डॉलर भरायचे, प्रश्नावली भरायची, आणि यंत्राने नावे सुचवायची. 1995 मध्ये मॅच डॉट कॉम आले, 2012 मध्ये टिंडर. स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड व त्यांचे सहकारी यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत 2017 साली ओळख झालेल्या स्त्रीपुरुष जोडप्यांपैकी सुमारे 39 टक्के जोडपी इंटरनेटवर भेटली होती. मित्रांनी घालून दिलेल्या ओळखी मागे पडल्या. म्हणजे मध्यस्थ गेला. पण त्याचे काम काही गेले नाही. ते आता आपल्याच अंगावर आले आहे.

तेव्हा ते त्याच्याच रीतीने करावे. पहिली गोष्ट, विशेषणाऐवजी प्रसंग लिहावा. 'प्रवासाची आवड' कोणाला नसते? त्यापेक्षा 'दर पावसाळ्यात एसटीने एखाद्या नव्या गावी जातो, आणि परत आल्यावर तिथल्या भाकरीचेच वर्णन करीत बसतो', हे लिहावे. परीक्षा सोपी आहे. नाव व छायाचित्र झाकून मजकूर एखाद्या स्नेह्याला दाखवावा. त्याने आपल्याला ओळखले तर मजकूर साधला.

दुसरी गोष्ट सत्याची. टोमा, हॅनकॉक व एलिसन या संशोधकांनी न्यूयॉर्कमधील 80 जणांची उंची व वजन प्रत्यक्ष मोजले, वय परवान्यावरून पडताळले आणि त्यांनी स्वतःविषयी लिहिलेल्या माहितीशी ते ताडून पाहिले. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. दहांतील आठांनी एखादी तरी गोष्ट बदलून सांगितली होती. पुरुषांची ओढ उंची वाढवण्याकडे, तर स्त्रियांची वजन कमी सांगण्याकडे. मात्र बहुतेकांची थाप अगदी बेताची होती, कारण पुढे समोरासमोर भेटायचे आहे हे सर्वांना ठाऊक होते. तरीही आमचे म्हणणे असे, की जी थाप पहिल्या भेटीत टिकणार नाही ती मारून त्या भेटीची सुरुवातच संशयाने का करावी? छायाचित्राचेही तेच. ते अलीकडचे असावे, चेहरा स्वच्छ दिसावा आणि दहा जणांच्या घोळक्यात आपल्याला शोधावे लागू नये.

तिसरी गोष्ट, नकारांची यादी देऊ नये. 'वेळ घालवणाऱ्यांनी लिहू नये' हे वाक्य वेळ घालवणारे वाचतच नाहीत; सज्जन मात्र वाचून परत फिरतात. काय नको यापेक्षा काय हवे ते सांगावे, आणि समोरच्याला विचारता येईल असा एखादा धागा मोकळा सोडावा. मोकळेपणालाही मर्यादा आहे. घराचा पत्ता, कचेरीचे नाव, फोनचा क्रमांक यांतले काही लिहू नये. पहिली भेट चार माणसांच्या वर्दळीत ठेवावी, आणि कुठे जातो आहोत हे घरी कोणाला तरी सांगून जावे.

आता भाचीचा प्रश्न. घटस्फोट लपवला तर तो पुढे कळणारच. तेव्हा त्या गोष्टीपेक्षा लपवणेच अधिक बोचेल. उलट सगळी कहाणी लिहिली तर वाचणारा तिच्या दुःखाशी बोलेल, तिच्याशी नव्हे. म्हणून आम्ही म्हणालो, "घडले ते आधी सांग, का घडले ते माणूस पाहून सांग." तिने रात्री नवा मजकूर लिहिला : 'पहिले लग्न टिकले नाही, त्याविषयी भेटीत बोलेन. दोन वर्षे पेटी शिकते आहे. शेजाऱ्यांनी अजून तक्रार केलेली नाही, पण खिडक्या लावून घेतात.'

पहिल्या मजकुरावर आठवड्याला वीसेक निरोप येत. यावर चार आले. भाची थोडी हिरमुसली. पण त्या वीसांतल्या कोणी तिला तिच्याविषयी काही विचारले नव्हते. या चारांतल्या एकाने मात्र विचारले, "सध्या कोणता राग चालू आहे?" तिने उत्तर दिले आहे असे कळते. पुढचे तिचे तिला. मामाने विचारू नये.