ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर दर वेळी वेगळा निकाल का देतो?

तुम्ही एक नवी पद्धत लिहिलीय. सकाळी ती जुन्या पद्धतीपेक्षा स्पष्टपणे वेगवान निघते. दुपारी तोच प्रोग्राम, तोच डेटा, पण फरक गायब! पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझं हेच झालं आणि मी दोन आठवडे कोडमध्ये चूक शोधत बसलो. चूक कोडमध्ये नव्हतीच. लॅबमधला डेस्कटॉप मीच हौसेनं ओव्हरक्लॉक केला होता, आणि सकाळचे आकडे घालून पेपरचा मसुदा गाइडकडे पाठवायच्या बेतात होतो.

तुमचे दोन आठवडे वाचावेत म्हणून हे लिहितोय.

मुळात होतं काय?

बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आणि मल्टिप्लायर ५० असेल तर प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर चालतो. मल्टिप्लायर वाढवला की बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. वीज मात्र साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाला फ्रिक्वेन्सीनं गुणल्याच्या प्रमाणात वाढते. समजा ४.५ वरून ५ गिगाहर्ट्झवर गेलात आणि व्होल्टेज १.२० वरून १.३५ केलंत. वेग वाढला ११ टक्के, पण वीज (आणि अर्थातच उष्णता) जवळजवळ ४० टक्के! पुढच्या बऱ्याच भानगडी इथूनच सुरू होतात.

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: बदलतंय काय, वेळ की उत्तर? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

वेळ बदलत असेल तर

नेहमीचे संशयित चार. एक, तापमान: प्रोसेसर मर्यादेपर्यंत तापला (अनेक इंटेल चिप्समध्ये ती १०० अंश सेल्सियस असते) की स्वतःच वेग कमी करतो. दोन, वीजमर्यादा: सुरुवातीला थोडा वेळ जास्त वीज घ्यायची मुभा असते, मग ती आखडते. तीन, एव्हीएक्स सूचना: त्या चालू असताना मल्टिप्लायर खाली आणण्याची सोय बायोसमध्ये असते आणि ती चालू आहे हे आपण विसरतो. चार, कमी पडणारं व्होल्टेज: रायझनसारख्या चिप्समध्ये दाखवलेला वेग पूर्ण, पण प्रत्यक्षातला कमी असं होऊ शकतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघा.

माझ्या बाबतीत? सकाळी थंड मशीनवर मी आधी नवी पद्धत चालवायचो आणि मग, ते तापल्यावर, जुनी. दुपारी दोन्ही तापलेल्या मशीनवर चालल्या आणि फरक मिटला. म्हणजे मी अल्गोरिदम नाही, तापमान मोजत होतो!

उत्तरच बदलत असेल तर

हे जास्त गंभीर. व्होल्टेज अपुरं असेल तर सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआधी पोचत नाही आणि एखादा बिट चुकतो. अशा वेळी मशीन बंद पडलं तर नशीब समजा. कधीकधी ते गुपचूप चुकीचा आकडा देतं. गुगलच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये लिहिलेल्या एका पेपरात तर ओव्हरक्लॉक न केलेल्या सर्व्हरमधल्या अशा गुपचूप चुकणाऱ्या कोअर्सची चर्चा आहे. मग आपण स्वतःहून मर्यादा ताणल्यावर काय?

पण लगेच प्रोसेसरला दोष देऊ नका. अपूर्णांकांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि अनेक थ्रेड्स असले की क्रम बदलतोच. म्हणून एकच थ्रेड आणि ठरावीक रँडम सीड ठेवून तोच प्रोग्राम वीसेक वेळा चालवा. मग बायोस मूळ सेटिंगवर आणून पुन्हा तेच करा. ओव्हरक्लॉकवर उत्तरं हलतात आणि मूळ सेटिंगवर स्थिर राहतात? मग हार्डवेअरवर दाट संशय. दोन्हीकडे हलतात? आधी कोड तपासा.

रॅमचं एक्सएमपी हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, ते बंद करून वेगळं तपासा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ची १९ क्रमांकाची नोंद दिसली तर हार्डवेअरची चूक झाली आणि ती दुरुस्त केली गेली असा अर्थ. मशीन चालू आहे म्हणून ही नोंद दुर्लक्षू नका. प्राइम९५ आपली उत्तरं आधीच माहीत असलेल्या उत्तरांशी ताडून बघतं म्हणून उपयोगी आहे. पण तासभर पास झालं म्हणजे तुमच्या प्रोग्रामला हमी मिळाली असं नाही.

आता माझी शिस्त

एका वेळी एकच सेटिंग बदलायचं आणि वहीत लिहायचं. मोजण्याआधी मशीन तापवून स्थिर करायचं. दोन पद्धतींची तुलना करताना नवी, जुनी, जुनी, नवी असा क्रम ठेवायचा. प्रत्येक रनसोबत तापमान आणि वेग नोंदवायचा. एक चांगला आकडा निवडण्याऐवजी मध्यक आणि पसारा दोन्ही द्यायचे.

आणि पेपरात जाणाऱ्या आकड्यांसाठी ओव्हरक्लॉक सरळ काढून टाकायचा. घरी गेम खेळताना हवा तेवढा वेग वाढवा. पण दुसऱ्या कुणी तुमचा प्रयोग पुन्हा करून बघितला, तर त्यांच्या हाती तेच यायला हवं. माझा सकाळचा निकाल त्या कसोटीवर टिकला नाही. मसुदा पाठवण्याआधी ते कळलं, एवढंच माझं नशीब.