तलवार घासण्याआधी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी माळ्यावरची तलवार खाली उतरते. कुणी चिंच आणतं, कुणी रांगोळी, हल्ली तर थेट पॉलिश पेपर. तासभर घासाघीस झाली की पातं लखलखतं, झेंडूचा हार चढतो आणि त्या तलवारीबद्दल कळण्यासारखं जे होतं, त्यातलं बरंचसं मोरीतून वाहून जातं.

जपानी तलवारींच्या नव्या शौकिनाला पहिला धडा हाच मिळतो: मुठीआड दडलेल्या शेपटीचा गंज काढायचा नाही. तिकडे बांबूची एक खुंटी काढली की मूठ सुटते, शेपटीवर पुष्कळदा लोहाराचं नाव सापडतं आणि गंजाच्या रंगावरून वयाचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे ही सोय नाही. पोकळ लोखंडी मुठीत राळ किंवा लाख भरून पात्याचं आखूड टोक त्यात रुतवलेलं असतं. मूठ उपटली तर नाव मिळत नाही, सांधा मात्र जातो.

त्यामुळे जे वाचायचं ते वरूनच. आणि मूठ व पातं वेगवेगळं वाचायचं, कारण दोघांचं गाव एकच असेल असं नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. तिचं सरळ, एकधारी पातं युरोपी घडणीचं, मूठ इथली आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं. त्या अक्षरांत रघूजींच्या नावापुढे ‘फिरंग’ हा शब्द आहे! परदेशी पात्याची तलवार म्हणजे फिरंग; तिने स्वतःची ओळख स्वतःच लिहून ठेवली आहे. कोल्हापूरच्या महाराजांनी १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला दिलेल्या तलवारीच्या पात्यावरही येशूच्या नावाची ‘आयएचएस’ ही अक्षरं आहेत.

पण छाप दिसला की हुरळून जायचं नाही. जर्मनीतल्या पासाउ आणि झोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती इतकी नावाजली की दूरदूरच्या लोहारांनी तिची नक्कल केली. लांडगा म्हणजे पुरावा नव्हे, फार तर चौकशीला सुरुवात.

देशी पात्यात बघायचा तो जौहर. मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटते. असं पोलाद तेलंगणात कोनसमुद्रमला तयार होई आणि ते घ्यायला इराणचे व्यापारी तिथवर येत. पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं की लहरी दिसतात. नक्कल करणारे तेजाबाने वरवर रेघा काढतात. आणि खऱ्या जौहरावर पॉलिश पेपर फिरवला, तर तोही दिसेनासा होतो.

सोन्याचंही तसंच. जुन्या कामात पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघा खरवडून त्यांवर सोन्याची तार ठोकून बसवत. सोनं उडालं तरी भिंगाखाली रेघा राहतात. नुसत्या मुलाम्याखाली त्या सहसा नसतात. काही मुठींवर ठिपक्यांनी टोचलेली अक्षरं असतात. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या अशा अक्षरांमुळेच, कोणतं हत्यार १६८९ च्या सुमारास आदिलशाही अदोनीहून आलं, हे आज सांगता येतं. तिथे कुणी रांगोळी फिरवली असती तर?

सोलापूरकरांना नजर तयार करायला लांब जायला नको. अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार चाळीसेक किलोमीटरवर आहे. एका फेरीत सगळं पाहू नये. एक दिवस फक्त मुठी पाहाव्यात, दुसऱ्या दिवशी फक्त पाती. विकत घेण्याचा विचार असेल, तर आधी पोलीस ठाण्यात परवान्याचं विचारावं. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही, हेही ध्यानात असू द्यावं.

आणि घरात तलवार असेलच, तर येत्या खंडेनवमीला ती कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि हार घालण्याआधी दोन्ही बाजूंचे व पाठीचे फोटो काढून ठेवा.