वहीची पूजा आणि वहीचे वाचन

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आमच्या बाजारपेठांतून जो देखावा दिसतो, तो कोणाच्या परिचयाचा नाही? नव्या कोऱ्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक रेखावे, पहिल्या पानावर ‘श्री’ लिहावे, विडा-सुपारी ठेवून वहीची पूजा करावी, लाह्या-बत्तासे वाटावे आणि पाडव्याच्या मुहूर्तावर पहिली नोंद करावी, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ज्यांचा सारा हिशेब आता संगणकात असतो, तेही पूजेपुरती एक वही आणतातच. या चालीस आमचा मुळीच आक्षेप नाही. ज्या समाजाने हिशेबाच्या वहीस लक्ष्मीशेजारी जागा दिली, त्याने हिशेबाचे महत्त्व पुरते ओळखले होते, असेच आम्ही म्हणू. प्रश्न एवढाच की, पूजा आटोपल्यावर त्या वहीचे पुढे होते काय?

पुष्कळ ठिकाणी होते ते असे: दोन-चार आठवडे रोजमेळ नेमाने लिहिला जातो, पुढे एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो. घरचा किराणा गल्ल्यातून येतो, मुलांची फी गल्ल्यातून जाते, आणि दुकानाच्या मालाचे देणे मात्र नव्या कर्जातून भागते. वर्ष सरत आले म्हणजे पावत्यांचे गाठोडे हिशेबनिसापुढे टाकून मालक विचारतो, ‘‘विक्री तर चांगली झाली, मग पैसा गेला कोठे?’’ या प्रश्नाचे उत्तर वहीत होते. पण वही वाचलेलीच नसल्यामुळे तो ते ज्योतिष्याकडे शोधू लागतो. तेथे साडेसाती निघते, बोटात एक अंगठी वाढते, आणि तिची किंमतही गल्ल्यातूनच दिली जाते! अलीकडे ज्योतिष्याच्या जोडीस यशाची गुरुकिल्ली विकणारे वक्तेही आले आहेत. त्यांच्या व्याख्यानाने दोन घटका अंगात वीरश्री संचारते. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडावयाचे ते जुन्याच सवयींनी.

यश हे नशिबाचे दान नव्हे आणि उसन्या उत्साहाचे फळही नव्हे. लहानशी गोष्ट रोज, न चुकता, कोणी पाहो वा न पाहो, करीत राहण्याच्या सवयीतून ते उगवते, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत कोरड्या उपदेशाने पटत नसेल तर महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिलेल्या एका आयुष्याकडे वाचकांनी क्षणभर वळावे.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली कोकणात, बेताच्या परिस्थितीच्या कुटुंबात झाला व त्यांचे बालपण मुरुडास गेले. सरकारी परीक्षेस बसण्यासाठी हा मुलगा डोंगर-घाट तुडवीत सुमारे ११० मैल चालून साताऱ्यास पोचला. आणि तेथे वयाने लहान दिसतो म्हणून त्यास परीक्षेस बसूच दिले नाही. आमच्यापैकी कितीकांनी एवढ्यावरून ‘विद्या आपल्या नशिबी नाही’ असा निकाल देऊन टाकला असता! कर्व्यांनी तसे केले नाही. ते १८८१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. १८८४ साली पदवीधर झाले. मुंबईत शिकवण्या करून त्यांनी आपला चरितार्थ चालविला. आणि १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात ते गणिताचे अध्यापक झाले. त्यांचे वक्तृत्व गाजलेले नव्हते, घरी इस्टेट नव्हती, वरिष्ठांचा वशिला नव्हता. नेम मात्र होता.

१८९३ साली त्यांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी आश्रम काढला व १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत नेला. दिवसभर कॉलेजात शिकवावे आणि सायंकाळी आश्रमास लागणारे सामानसुमान घेऊन हिंगण्याची वाट चालावी, चिखल असो वा काळोख असो, असा त्यांचा परिपाठ होता. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. १९२० साली ठाकरसी घराण्याकडून त्यास १५ लक्ष रुपयांची देणगी मिळाली हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यापूर्वीची वीसएक वर्षे कर्वे दारोदार फिरून लहान लहान रकमा गोळा करीत होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात राहत नाही. वयाची पाऊणशे वर्षे उलटल्यावर, १९३६ साली, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी पुन्हा नवे मंडळ काढले व वर्गणीसाठी ते पायीच हिंडले. १९५८ साली, म्हणजे वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. साताऱ्याच्या वाटेवर जी चाल होती, तीच अखेरपर्यंत राहिली. वेग वाढला नाही, पण पाऊलही थांबले नाही.

येथे कोणी म्हणेल, ‘‘थोरांची गोष्ट निराळी, आम्ही पोटामागे धावणारे संसारी लोक.’’ आणखी कोणी म्हणेल, ‘‘सवयीने सर्व साधते म्हणणे हा गरिबावर अन्याय आहे, ज्याच्या घरी भांडवलच नाही, त्याने नेमाने तरी काय करावे?’’ हा दुसरा आक्षेप आम्हांस खरा वाटतो. दुष्काळ, आजारपण, जातीचा व पैशाचा अडसर, यांपुढे एकट्याचा नेम पुष्कळदा तोकडा पडतो, आणि ते अडसर दूर करणे हे समाजाचे कर्तव्य आहे. परंतु ज्याचे भांडवल थोडे, त्यालाच बेहिशेबीपणा सर्वांत महाग पडतो, हेही तितकेच खरे. श्रीमंताची चूक त्याची शिल्लक सोसते. गरिबाची चूक त्याच्या मुलांना सोसावी लागते.

म्हणून संसारी माणसास आचरता येतील अशाच चार गोष्टी आम्ही सांगतो. पहिली, दुकानाचा गल्ला आणि घराचा बटवा वेगळे ठेवावे. मालकाने स्वतःसाठी दरमहा एक रक्कम ठरवून घ्यावी आणि घर तेवढ्यात चालवावे. दुसरी, रोज दुकान बंद करण्यापूर्वी पाव तास रोजमेळ लिहून शिलकेशी ताळा पाहावा. हल्ली फोनवरून पैसे देणे सोपे झाल्यापासून खिशातून नोट जाताना जो सल बोचत असे तोही बोचेनासा झाला आहे. तेव्हा हा पाव तास पूर्वीपेक्षा आज अधिक अगत्याचा आहे. तिसरी, व्याजाचे गणित स्वतः करावे. दरमहा दोन टक्के हा आकडा कानास किती सौम्य लागतो! पण व्याजावर व्याज चढू दिले तर तीन वर्षांत कर्ज दुप्पट होते. आणि दर तीन टक्के असेल तर दोनच वर्षांत. लग्नाच्या मांडवासाठी असे कर्ज काढणारा बाप एका दिवसाच्या वाहवेसाठी कित्येक वर्षांची कमाई गहाण टाकतो. चौथी, दिलेली वेळ आणि दिलेला शब्द हेही देणेच समजावे. ‘उद्या माल पाठवितो’ असे म्हणून चार दिवस लावणारा व्यापारी आपली पत रोज थोडी थोडी खर्च करीत असतो, आणि ही नुकसानी कोणत्याच वहीत दिसत नाही.

बचतीविषयी वेगळे सांगणे नलगे. रोज १० रुपये बाजूस ठेवले तर वर्षाचे ३,६५० आणि तीस वर्षांचे, व्याज न धरताही, १,०९,५०० होतात. रकमेपेक्षा रोज हात आवरण्याची जी सवय लागते, ती अधिक मोलाची.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वहीत काय आहे हे घरच्या स्त्रीस ठाऊक असते काय? लक्ष्मीपूजनास तिने वहीला हळदकुंकू वाहिलेले असते. पण ती उघडून पाहण्याचा तिचा अधिकार किती घरांत मान्य आहे? कर्ता पुरुष अकस्मात गेला म्हणजे या प्रश्नाचे भयंकर उत्तर मिळते. येणे कोणाकडे, देणे कोणाचे, विमा आहे की नाही, बँकेत वारस म्हणून नाव कोणाचे, यांतले काहीच तिला माहीत नसते. धनको दारात उभे राहतात. ऋणको मात्र तोंड लपवितात. काल घरची लक्ष्मी म्हणविणारी स्त्री आज दिराच्या वा भावाच्या दारी आश्रित होते. स्त्रीचे हेच परावलंबन पाहून कर्व्यांनी तिच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. त्या वेळी विधवेला अक्षरओळख नव्हती. आज अक्षरओळख आहे, शिक्षणही आहे, पण वही तिच्यापासून दूरच ठेवलेली आहे. ही अर्धवट सुधारणा होय.

आमची सूचना अगदी साधी आहे. महिन्यातून एक संध्याकाळ नेमून नवरा-बायकोने व जाणत्या मुलामुलींनी एकत्र बसून वही वाचावी. तोटा असेल तर तोही वाचावा. घरच्यांपासून लपविलेला तोटा व्याजासारखाच वाढत जातो. पहिल्या बैठकीस संकोच वाटेल, दुसऱ्या वेळी वाद होईल, तिसऱ्या वेळी एखादा खर्च कोणी न सांगता कमी होईल.

येत्या दिवाळीस वहीची पूजा जरूर व्हावी. मात्र पूजा करणाऱ्याने प्रथम गेल्या वर्षीची वही उघडावी आणि तिच्यात शेवटची नोंद कोणत्या तारखेस थांबली आहे ते पाहावे. ती तारीख वाचताना ज्याची मान खाली जाणार नाही, त्याने खुशाल नव्या वहीवर स्वस्तिक काढावे. आणि ज्याची जाईल, त्याने मुहूर्ताची वाट न पाहता आज रात्रीच रोजमेळ लिहावयास बसावे.