एकाच स्वप्नाचे दोन अर्थ

दार किंचित उघडं आहे. बाहेर वडील उभे, हातांत भेटवस्तूंची पुडकी. त्यांना आत यायचंय आणि मुलगा घाबरून दार लोटू पाहतोय. हे स्वप्न 'मिस्टर झेड' या टोपणनावाच्या रुग्णाचं. शिकागोचे मनोविश्लेषक हाइन्झ कोहुट यांनी त्याचा दोनदा अर्थ लावला आणि १९७९ साली दोन्ही अर्थ एकाच निबंधात मांडले.

पहिला अर्थ फ्रॉइडच्या परंपरेतला. मुलाला आई एकट्यालाच हवी, म्हणून बाप नको. रुग्ण त्यावर चिडला तर तो त्याचा 'प्रतिरोध'. म्हणजे चूक त्याचीच. काही वर्षांनी तो पुन्हा उपचारांना आला, तेव्हा कोहुटना वेगळंच दिसलं. वडील त्याच्या लहानपणी घर सोडून गेले होते आणि मुलगा पाचेक वर्षांचा असताना परतले होते. मुलाला ते हवेच होते. पण इतके दिवस न मिळालेलं सगळं एकदम अंगावर आलं तर झेपेल का, ही त्याची धास्ती होती.

(चरित्रकार चार्ल्स स्ट्रोझियर यांच्या मते मिस्टर झेड म्हणजे खुद्द कोहुटच. तसं असेल तर पुरावा म्हणून या निबंधाची किंमत बरीच घटते. रुग्णाच्या बाजूने पाहण्याची त्यातली भूमिका मात्र तपासण्याजोगी उरतेच.)

हा वाद कोहुटच्याही आधीचा. विश्लेषकाने शल्यविशारदासारखं भावना बाजूला ठेवून काम करावं, असं फ्रॉइडने १९१२ मध्ये लिहिलं होतं. त्याचाच सहकारी शांडोर फेरेन्झी याने १९३२ साली वीसबाडेनच्या परिषदेत याला छेद दिला : विश्लेषकाच्या कोरड्या शिष्टाचारात रुग्णाला बालपणीचीच जखम पुन्हा होते. फेरेन्झीने हा निबंध तिथे वाचू नये, अशी फ्रॉइडची इच्छा होती.

पुढे अमेरिकेत मानवतावादी मानसशास्त्राचे अध्वर्यू कार्ल रॉजर्स यांनी 'रुग्ण' हा शब्दच टाकला. स्वतःच्या अनुभवाचा जाणकार माणूस स्वतःच, हा त्यांचा आग्रह. १९४५ ते १९५७ या काळात तेही शिकागोतच होते. कोहुट मनोविश्लेषणाच्या चौकटीत राहून त्याच दिशेने सरकले : रुग्णाच्या जागी जाऊन त्याचं मन जाणण्याकडे, म्हणजेच समानुभूतीकडे.

पण समानुभूती म्हणजे मायाळूपणा, असा समज कोहुटना मान्य नव्हता. ते तिला निरीक्षणाचं साधन मानत. खाली सूर मारणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना भोंगे बसवणाऱ्या नाझींनाही लोकांच्या मनातली भीती नेमकी कळलेली होती, हे उदाहरण ते देत. म्हणजे समोरच्याचं मन कळणं पुरेसं नाही. ते कशासाठी जाणून घ्यायचं, हे तत्त्वज्ञान ठरवतं.

या साधनाची मोजदादही झाली आहे. २०१८ मध्ये रॉबर्ट इलियट आणि सहकाऱ्यांनी ऐंशीहून अधिक रुग्णगटांची आकडेवारी एकत्र केली. समानुभूती आणि उपचारांचं यश यांत मध्यम, पण ठळक संबंध आढळला. आपल्याला समजून घेतलं गेलं का, याबद्दल रुग्णाने दिलेले गुण निकालाशी बरे जुळले. उपचारकाने स्वतःला दिलेले तितके जुळले नाहीत.