मेलच्या फाइलीला कुलूप आहे का?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या कापडाच्या पेढ्यांवर संगणक बहुधा एकच असतो आणि त्याला हात लावणारे चार-पाच. सकाळी मुनीम टॅलीत बिले चढवतो, दुपारी जीएसटीचे काम पाहणारा येतो, संध्याकाळी घरातली मुले बसतात. त्याच संगणकावरून आम्ही व्यापारी पार्टीचे भाव, दलालीचा हिशेब आणि बँकेचे कागद मेलने पाठवतो. या मेलची अख्खी वही संगणकातच एका फाइलीत पडून असते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

ती वाचायला इंटरनेट लागत नाही, मेलचा पासवर्डही नाही. क्लासिक आउटलुकमध्ये तिच्या नावाच्या शेवटी पीएसटी किंवा ओएसटी असते. पीएसटी पेन ड्राइव्हवर उचलून दुसऱ्या संगणकावर नेली की आउटलुकमध्ये सरळ उघडते. थंडरबर्डमध्ये तर पत्रे साध्या मजकुराच्या फाइलीत साठतात. तिथला प्रायमरी पासवर्ड साठवलेल्या पासवर्डांना झाकतो, पत्रांना नाही. पीएसटीला पासवर्ड लावता येतो, पण तो काढणारी साधने फुकट मिळतात. शटरला कुलपाऐवजी सुतळी बांधावी, तसा तो प्रकार.

जुनी पत्रे परक्याच्या हाती गेली की कोणाकडे किती येणे आहे, बिल कोणत्या नमुन्याचे, सगळे त्याला कळते. मग हुबेहूब तसेच बिल पार्टीकडे जाते, फक्त खाते क्रमांक बदललेला. पार्टी म्हणते, आम्ही तर पैसे भरले! शिवाय पार्टीने विश्वासाने कळवलेला भाव ही तिची अमानत आहे, ती आपल्या टेबलावरून फुटता कामा नये.

यावर पहिला इलाज फुकटचा आहे. विंडोजमध्ये प्रत्येकाचे वेगळे खाते काढावे, प्रत्येकाला पासवर्ड द्यावा. मालकाचे खाते ॲडमिनिस्ट्रेटर, बाकी सर्वांची स्टँडर्ड. मग एकाचे फोल्डर दुसऱ्याला उघडत नाही. टेबलावरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबावे, पडद्याला कुलूप लागते.

पण आपल्याकडे एक सवय आहे. ‘फॉरमॅट मारला तरी वाचेल’ म्हणून संगणक बसवणारा मेलची फाइल डी ड्राइव्हवर ठेवतो. डी ड्राइव्ह सहसा सर्व खात्यांना खुला असतो, म्हणजे वेगळी खाती काढूनही फाइल उघडीच! ती आपल्या खात्याच्या फोल्डरात आणावी, किंवा डी ड्राइव्हवरच्या फोल्डरच्या सिक्युरिटीत जाऊन इतरांची परवानगी काढावी. आउटलुक बंद करूनच फाइल हलवावी आणि नवी जागा आउटलुकला दाखवावी.

हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तर मात्र विंडोजचा पासवर्ड कामाला येत नाही. त्यासाठी डिस्कच सांकेतिक करावी लागते. विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आहे. होममध्ये काही यंत्रांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मिळते. त्याची ४८ आकड्यांची रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. ती हरवली आणि संगणक अडला, तर मालकालाही आपली वही मिळणार नाही.

बॅकअपच्या पेन ड्राइव्हचेही तसेच. फाइल ७-झिपने पासवर्ड लावून बांधावी, मगच पेन ड्राइव्हवर चढवावी. आणि जुना संगणक भंगारात देताना नुसते डिलीट करून भागत नाही, पुसलेली फाइल परत काढणारे बाजारात बसलेले आहेत. डिस्क काढून आपल्याजवळ ठेवावी.