स्पर्धेच्या गावी सूर्यास्तापूर्वीचे जेवण

साताऱ्याचे श्रीमंत छत्रपती शाहू क्रीडा संकुल बसस्थानकाच्या नजीक आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या तेथेच रंगल्या. परिसरात उपाहारगृहांची वाण नाही; परंतु मुलांना स्पर्धेसाठी नेणाऱ्या आपल्या कुटुंबांना चवीआधी घटक आणि घड्याळ पाहावे लागते.

‘कांदा-लसूण घालू नका’ एवढे सांगून भागत नाही. रस्सा बहुधा सकाळीच शिजलेला असतो. त्यातला कांदा वेगळा कसा काढणार? म्हणून मागणीनंतर तव्यावर पडणारा पदार्थ निवडावा. बटाट्याच्या भाजीविना साधा डोसा उत्तम. सांबार टाळावे, चटणीत ओले आले आहे का तेही विचारावे. कंदी पेढा मात्र निःशंक घ्यावा. नावात ‘कंद’ असला तरी तो खवा-साखरेचाच!

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अनेकदा सामने तेव्हाच ऐन रंगात येतात. चोविहार पाळणाऱ्या खेळाडूचे जेवण साडेचारपर्यंत उरकावे. सातारा हिल मॅरेथॉनची अडचण उलटी. धावणे सकाळी लवकर, तर नवकारशीत सूर्योदयानंतर ४८ मिनिटे पाणीही वर्ज्य. यवतेश्वरचा चढ निर्जळी चढणे मला धोक्याचे वाटते. त्या दिवसाचे पच्चक्खाण वैद्यांशी बोलूनच घ्यावे.

सांगलीच्या भडंगात लसूण मुरलेला, तेव्हा ते वगळावे. तेथील शिवाजी स्टेडियमवर सामना असल्यास आप्तांकडून डबा मागवणे सर्वांत सोयीचे. दक्षिण भारत जैन सभेच्या त्या शहरात तेवढे नाते प्रत्येकाचे निघतेच.