परसातली फुलपाखरं कशी ओळखाल?

मेळघाटच्या सीमेजवळच्या तुकईथडमध्ये फुलपाखरं टिपायला जंगलात शिरायची गरज नाही. आधी दारची झाडं न्याहाळावीत.

लिंबू, कढीपत्ता : इथे लिंबाळी अंडी घालते. लहान अळी थेट पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी हिरवी अळी डिवचली, की डोक्यामागून उग्र वासाचं नारिंगी शिंग बाहेर काढते.

आंब्यावरचं बांडगूळ : हळदीकुंकू या फुलपाखराच्या अळ्या यावर गटानं वाढतात.

रुई : बिबळ्या कडव्याचं घर. रुईच्या कुळातल्या झाडांची विषं अंगात उतरल्यानं पक्षी त्याला टाळतात.

घोळ : छोटा चांदवा या भाजीवर वाढतो. त्याची मादी बिबळ्या कडव्याचं सोंग घेते आणि पक्ष्यांपासून वाचते. फरक मागच्या पंखात आहे. कडव्याच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, चांदव्याच्या मादीला जेमतेम एक.

फोटो काढताना : सकाळी ऊन घेत बसलेलं फुलपाखरू सहसा लगेच उडत नाही. पंखांच्या दोन्ही बाजू टिपाव्यात, झाडाचं पानही चौकटीत घ्यावं. तारीख व ठिकाणासह फोटो ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकल्यास जाणकार ओळख पटवायला मदत करतात.